काचेच्या कोपऱ्यातला नंबर

वजनकाट्यावर मी एकवीस वर्षं ट्रकांचे नंबर लिहिले.
लाल धुळीत माखून आलेली पाटी
बोटाने पुसायची, वाचायची, वहीत चढवायची.
खाण बंद पडली, काटा गंजला,
सवय राहिली.
आजही डिचोलीच्या बाजारात
समोरच्या गाडीचा नंबर मी मनात उतरवून घेतो
आणि कुठेच देत नाही.

माझ्याच गाडीचा तेवढा वाचला नव्हता.
पाटीवरचा नव्हे, तो दुसरा,
पुढच्या काचेखाली कोपऱ्यात
मुंगीच्या अक्षरात कोरलेला.

मृण्मयी फोनवर म्हणाली, बाबा, वाचा.
ओणवा झालो, हाताची सावली धरली.
एम. ए. तीन.
मग ओ.
ओ नसतो त्यात, ती म्हणाली, शून्य असेल.
ओ नाही, आय नाही, क्यू नाही.
आकड्यांशी घोळ घालणारी ही तिघं
आधीच बाहेर ठेवलीत.

मला हे फार आवडलं.
माणूस चुकणार हे धरूनच
कुणीतरी कधीतरी बसून नियम केला.
आमच्या वहीला असं कुणी असतं
तर एकाच्या फेऱ्या दुसऱ्याच्या नावावर चढल्या नसत्या.

सतरा खुणा. एक गाळली
तर पडदा म्हणतो अशी गाडीच नाही.
आणि ती तर उभी असते दारात,
पांढरी, तुळशीपासून पाच हातांवर.

दुसऱ्या खेपेला आलं.
रिकॉल. गाडी परत बोलावली आहे.
बॅटरीजवळच्या जोडणीत पाणी शिरू शकतं,
चालता चालता ताकद जाऊ शकते.
शकतं. शकते.
शैला म्हणाली, म्हणजे बिघडलीय की नाही?
म्हटलं, ते कुणालाच माहीत नाही,
उघडून बघायला बोलावलंय.
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जसं एकाच ट्रकाची दोन वजनं लागली की
ड्रायव्हर बघायचे.

पत्र मार्चमध्येच निघालं होतं म्हणे.
पण गाडी आम्ही घेतली लोटलीच्या कार्मेलीनाबाईंकडून,
पत्र त्यांच्या नावाने, त्यांच्या दारी,
आणि त्या लिस्बनला, लेकाकडे.
शनिवारी जाऊन आलो.
बलकांवावर पानांचा ढीग,
दाराखाली अर्धं आत अर्धं बाहेर पाकीट,
एक कोपरा कसरीने खाल्लेला.
उचललं नाही. दुसऱ्याचं पत्र.
गुडघे टेकून पाकिटाच्या खिडकीतले
शेवटचे चार आकडे तेवढे वाचले.
माझेच होते.

फोंड्याचा ऑस्बर्ट म्हणाला,
सुटा भाग यायला वीस दिवस. पैसे पडणार नाहीत.
तोवर ऐंशीवर चार्जिंग थांबवा,
घराला चिकटून ठेवू नका.
म्हणून रात्री ती आंगणापलीकडे,
वर माड नाही, फणस नाही अशा जागी
एकटी उभी.
कावळा शिवला वाटतं हिला, शैला म्हणाली,
आणि हसली नाही.
दोनदा उठून मी खिडकीतून बघितलं.
काही नव्हतं. चांदण्यात एक गाडी.

भाग बसला, कागद मिळाला, फाईलला लावला.
मृण्मयी म्हणते, तरी अधूनमधून बघत जा,
आज यादीत नसलेला नंबर उद्या असू शकतो.
भिंतीवरच्या कालनिर्णयात
दर तिसऱ्या महिन्याला मी पेन्सिलीने एक फुली मारलीय,
गॅसच्या नोंदीखाली.

काल म्हापशात चार्जिंगला
शेजारी हुबेहूब तीच गाडी. आत एक पोरगा, कानात गाणी.
विचारलं, नंबर तपासलास?
काका, दिवा कुठे लागलाय, तो म्हणाला.
दिवा लागायच्या आधीचंच हे सगळं,
पण ते कसं सांगायचं.
मी त्याच्या काचेवर ओणवा झालो,
हाताची सावली धरली.
तो आतून संशयाने बघत राहिला.
लिहून घे, म्हटलं.
एम. ए. तीन.
नाही रे. शून्य आहे ते.